सुभद्रेचा अर्ज

सुभद्रा गेल्याचं तिच्या भाचीनं, मंगलनं, फोनवर सांगितलं. "आत्या सकाळी गेल्या... झोपेतच," एवढंच ती म्हणाली. नव्वदी ओलांडलेली, शेवटपर्यंत आपली कामं आपण करणारी बाई. तिच्यासाठी रडावं असं खरं तर काही नव्हतं. पण त्या संध्याकाळी साताऱ्याच्या मुलींच्या हायस्कुलाच्या करारी मुख्याध्यापिका काही माझ्या डोळ्यांपुढे आल्या नाहीत. दिसत राहिली ती सांगलीच्या खोलीत जमिनीवर पालथी पडून कागदावर काट मारणारी बाविशीतली सुभद्रा. तिच्या कारकिर्दीबद्दल वर्तमानपत्रांतून पुष्कळ छापून आलं. ती पहिली नोकरी तिनं कशी मिळवली, हे पाहिलेली मात्र आता मी एकटीच उरले आहे.

युद्धाची वर्षं होती ती. कागद मिळायची मारामार, रॉकेलला रांगा. कृष्णेच्या घाटाजवळ एका विधवा बाईंच्या घरी आम्ही दोघी खोली घेऊन राहत होतो. मी वाईच्या भिक्षुकाची मुलगी, ती पलूसच्या शेतकऱ्याची. कॉलेजात मी तिच्या एक वर्ष मागे. तिचा थोरला भाऊ पलटणीत होता आणि त्याच्या हट्टापायी तिच्या वडिलांनी, आबांनी, तिला शिकू दिलं होतं. बी.ए. झालेली मुलगी त्या पंचक्रोशीत तोवर कुणी पाहिली नव्हती. निकाल लागला, गावात साखर वाटली गेली आणि लगोलग आबांचा निरोप आला, की कऱ्हाडकडचं बागाईतदार घर पाहून ठेवलंय, दिवाळीनंतर लग्न. तिनं उलट उत्तर धाडलं नाही. ती फक्त घरी गेली नाही.

श्रावणात तिला जाहिरात दिसली. साताऱ्याच्या मुलींच्या हायस्कुलात शिक्षिका हवी, अर्ज दसऱ्यापर्यंत. शिकवण्याचा अनुभव हवा आणि उमेदवार अविवाहित असल्यास पालकाची संमती हवी. सुभद्रेजवळ या दोन्ही गोष्टी नव्हत्या. तरी ती त्याच दुपारी लिहायला बसली. त्या वेळी इंग्रजी अर्जाचा एक ठरलेला साचा असे. 'आय बेग टू' अशी सुरुवात, शेवटी 'आपली अत्यंत आज्ञाधारक'. मी तोच सांगत होते. तिनं पहिलीच ओळ खोडली. एरवी माझ्याशी शुद्ध बोलणारी सुभद्रा मनापासून काही म्हणायचं झालं की पलूसचं बोले. "बेग म्हंजे भीकच की गं. मी भीक मागत न्हाई, काम मागतीया."

तिच्या प्राध्यापकांनी शिफारसपत्र दिलं होतं. वर्तन उत्तम, हजेरी नियमित, स्वभाव नम्र. तिनं ते दोनदा वाचलं आणि म्हणाली, की हे त्यांनी वर्गातल्या सगळ्यांनाच दिलंय, यात मी कुठे आहे? मग तिनं जे केलं ते मला तेव्हा वेडेपणाचंच वाटलं. माधवनगरच्या गिरणीत रीळ भरणाऱ्या बायका पाळी सुटल्यावर विहिरीपाशी बसत. ती तिथे पाट्या घेऊन गेली. पहिले काही दिवस बायका हसल्या. रीळ भरायला पाटी कशाला लागते, असं गौरव्वा नावाच्या त्यांच्यातल्या म्होरकीनं विचारलं. ही म्हणाली, पगाराच्या दिवशी अंगठा घेताना मुकादम वर काय लिहितो, ते वाचता येईल. दुसऱ्या दिवशी गौरव्वा सगळ्यांत पुढे बसली होती.

भर पावसात, चिखल तुडवत ती रोज जाई. बाराखडी सुरुवातीपासून शिकवायची हा आमच्या शाळांचा शिरस्ता. तिनं प्रत्येकीला आधी जिचं तिचं नाव लिहायला शिकवलं. नावातली अक्षरं आली, की त्यांतूनच शेजारणीचं नाव जुळवायचं. मी एकदा बरोबर गेले होते. पाटीवर आपलं नाव उमटल्यावर एक बाई ते पुसायलाच तयार होईना... पाटी तशीच पदराखाली धरून ती घरी गेली.

अनुभवाचा दाखला कोण देणार, हा प्रश्न उरलाच होता. तो गौरव्वानं सोडवला. "दाखला म्हंजे काय? तुमी शिकवलं, आमी शिकलो, असंच न्हवं? मग आमीच देतो की." एका कागदावर तिनं मोठाल्या वाकड्या अक्षरांत लिहिलं, 'बाईनी आमाला लिवायला शिकवलं.' खाली सगळ्या बायकांच्या सह्या. मी शुद्धलेखन सुधारून नवी प्रत करू या म्हणाले. सुभद्रेनं कागद माझ्या हातून काढून घेतला.

आता संमती. नवरात्राच्या सुरुवातीलाच आम्ही दोघी पलूसला गेलो. आबा मळ्यात मोटेपाशी बसले होते. तिनं अर्ज मराठीत करून त्यांना ऐकवला. ते ऐकत होते, पण नजर बैलांवर. शेवटी तिनं तो सह्यांचा कागद पुढे ठेवला. आबांना अक्षर येत नव्हतं. ते सह्यांवरून सावकाश बोट फिरवत राहिले.

"ह्या समद्या आंगठेवाल्या हुत्या?"

"व्हय, आबा."

त्यांनी कागद नीट घडी करून तिच्या हातात दिला. मग म्हणाले, "गिरणीतल्या बायास्नी शिकवलंस. मग बापानंच काय घोडं मारलं हुतं?"

 सुभद्रा तशीच उठली, घरातून पाटी घेऊन आली आणि त्यांच्या शेजारी बसली. दसरा जवळ आला तोवर त्या मोटेवर पाटी रोज चालू होती. नांगर धरून राठ झालेली बोटं पेन्सिलीवर इतकी दाबत, की पेन्सिली मोडत. संमतीच्या कागदावर आबांनी सही केली तेव्हा कपाळावर घाम होता. "सुपारी फुटायची हाय अजून," ते म्हणाले. "सांगतो त्या मानसास्नी, पोरगी साताऱ्याला निघाली."

मुलाखतीला आबाच तिच्यासोबत गेले. रेल्वेनं सातारारोड आणि पुढे सर्व्हिस मोटार. आत काय झालं ते तिनं मला नंतर सांगितलं. निवड समितीचे अध्यक्ष वकील होते. गिरणीच्या बायकांचा कागद दोन बोटांत धरून त्यांनी विचारलं, की आपल्याबद्दल लिहायला दुसरं कुणी प्रतिष्ठित भेटलं नाही का? ती म्हणाली, "मी कशी शिकले ते प्राध्यापक सांगतील. मी कशी शिकवते ते ह्याच सांगू शकतील."  तेव्हाच्या मुख्याध्यापिका उठल्या आणि तिला थेट इंग्रजी चौथीच्या वर्गावर घेऊन गेल्या. तास संपल्याची घंटा झाली तरी मुली जागच्या हलल्या नाहीत, असं त्यांनीच पुढे कितीदा सांगितलं. नेमणूक एका वर्षासाठी होती. सुभद्रा त्या शाळेतून बाहेर पडली ती निवृत्त होऊनच, आणि शेवटची कित्येक वर्षं मुख्याध्यापिकेच्या खुर्चीवरून. लग्न तिनं केलं नाही. त्याचं दुःखही केलं नाही. तिची मैत्रीण म्हणवून घेताना माझी मान नेहमी जरा ताठच होत असे.

गेल्या गुरुवारी मंगलला भेटायला साताऱ्याला गेले. सुभद्रेच्या घराच्या पडवीत एक लांब बाक आहे. निवृत्तीनंतर दर गुरुवारी नोकरीसाठी धडपडणारी मुलंमुली तिथे बसत आणि सुभद्रा एकेकाचा अर्ज वाचून बहुतेक वेळा परत लिहायला लावी. मंगल म्हणाली, अजून येतात, काय सांगावं कळत नाही. आम्ही बोलतच होतो, तोच फाटक वाजलं. खटाव तालुक्यातून एसटीनं आलेली मुलगी होती, हातात प्लॅस्टिकची फाईल. बाई गेल्याचं तिला ठाऊक नव्हतं. ऐकल्यावर ती फाईल छातीशी धरून बाकाच्या टोकाला बसली...

मी चष्मा काढला, पुसला आणि तिच्याजवळ जाऊन बसले. म्हटलं, "दाखव बघू, काय लिहिलंयस."