समुद्राकाठची वेचणी

मी आयुष्यात एकदाच गोल्फच्या मैदानावर गेले, आणि तिथून मला कोणी हाकलून दिलं नाही याबद्दल मी आजही देवाचे आभार मानते.

आमचं गाव अल्लीपूर, कापसाच्या मुलखातलं. इथून समुद्र बघायचा तर अख्खा महाराष्ट्र आडवा पार करावा लागतो. तो आम्ही केला, कारण आमची लेक स्नेहल कोकणात दिली आहे आणि तिच्या सासऱ्यांनी स्वतः फोन केला होता, "विहीणबाई, माझी मॅच बघायला याच!" हे व्याहीबुवा बँकेतून निवृत्त झाल्यापासून घरात नुसते खिडकीशी बसून असत. कशावर वाद नाही, जेवणाबद्दल तक्रार नाही. (घरातला पुरुष जेवणाला नावं ठेवीनासा झाला की बायकांनी घाबरायचं असतं!) मग समुद्राकाठी गोल्फचं नवं मैदान झालं, ते तिकडे जाऊ लागले, आणि आता त्यांची पहिलीवहिली मॅच होती.

सकाळी निघताना स्नेहलनं मला स्वयंपाकघरात गाठलं.

"आई, हात जोडते तुले. माहे सासरे ही मॅच लय मनावर घेऊन राह्यले. तू मंधात काही करू नको."

"मी कवा मंधात बोलली वं?"

"माह्या लग्नात भटजीचे मंत्र कोण दुरुस्त करून राह्यलं होतं?"

बत्तीस वर्षं शाळेत शिकवलं की माणसाचे कान तसे होतात, त्याला मी काय करणार! पण लेकीची शपथ घेतली, की आज तोंड उघडणार नाही. (हातांबद्दल कोणी काही बोललंच नव्हतं.)

मैदान पाहिलं आणि आमचे हे जागीच थबकले. समोर निळाशार समुद्र, पहिल्यांदाच बघत होतो दोघं, पण ह्यांची नजर जमिनीवर.

"काय व, एवढी जमीन... आन् पेरलं काहीच नाई?"

"गवत पेरलं आहे जी."

"मंग गाई कुठी आहेत?"

मी ह्यांना कोपरानं ढोसलं. खेळ तसा समजायला सोपा होता. व्याहीबुवांनी मला समजावून सांगितलं, की समोरच्या टेकाडापलीकडे, समुद्राच्या अंगाला एक झेंडा आहे. झेंड्याशी खड्डा. इथून काठीनं चेंडू मारत मारत त्या खड्ड्यात घालायचा. ज्याला कमी फटके लागले तो जिंकला. खेळणारे चौघं, चेंडू चार. सगळे सारखेच पांढरे, म्हणून विहीणबाईंनी नवऱ्याच्या चेंडूला कुंकवाचा बारीकसा ठिपका लावला होता. व्याहीबुवा काठी या हातातून त्या हातात घेत होते. पोरगा बोर्डाच्या परीक्षेला बसावा तसा चेहरा! मला तर भडभडून आलं.

टकाटक चार फटके झाले. चारी चेंडू टेकाडापलीकडे गडप. चौघं आपापल्या काठ्यांच्या हातगाड्या ओढत वळसा घालून निघाले, मागून स्नेहल आणि आमचे हे. विहीणबाई आणि मी मात्र पायवाटेनं सरळ टेकाड चढून उतरलो आणि सगळ्यांच्या आधी पोचलो. विहीणबाई धापा टाकत एका दगडावर बसल्या.

आणि मी बघते, तर हिरव्यागार गवतात पांढरंशुभ्र काही पडलेलं!

आता मला सांगा, हिरव्यात पांढरं दिसल्यावर अल्लीपूरच्या बाईचा हात खाली गेल्याशिवाय राहील का? पाच वर्षांची होते तेव्हापासून कापूस वेचला आहे. शिवाय मनात आलं, बिचाऱ्यांचे चेंडू कुठल्या कुठे जाऊन पडले, आता ही साठीतली माणसं वाकून वाकून शोधत बसतील. पदर खोचून ओटी केली आणि लागले वेचायला. एक इथला, दोन तिथले, एक झेंड्याजवळचा. आणि बघते तर एक थेट खड्ड्यात! "बाई बाई, हा तर पार आत पडला," म्हणत तोही काढला. (वेचणीत मोजायची पद्धत नसते. शेवटी तोलतात.)

तेवढ्यात मंडळी आली. मी ओटी पसरून पुढे झाले.

"घ्या भाऊ! सारे सापडले. एकही हरवू देला नाई!"

चौघं आधी ओटीकडे, मग झेंड्याकडे बघू लागले. क्लबचे सेक्रेटरी, मोठ्या मिशांचे, त्यातलेच एक खेळाडू. ते अगदी हळू आवाजात म्हणाले, "बाई, हे तुम्ही... उचललेत?"

"काऊन व!" आमचे हे कपाळावर हात मारत ओरडले. "लोकायचा अख्खा खेळच वेचून आणला तुनं!"

मी स्नेहलकडे पाहिलं. ती समुद्राकडे बघत होती, बहुतेक खोली किती असेल याचा अंदाज घेत. आणि व्याहीबुवा! त्यांचा चेहरा पुन्हा खिडकीशी बसणाऱ्या माणसाचा झाला होता. धरणीमाय पोटात घेईल तर बरं, असं मला झालं.

"चुकलंच जी माह्यं," मी रडवेली झाले. "बाकीचे गवतातले आहेत, हा एक तेवढा गड्ड्यातला..."

सेक्रेटरींच्या हातातली काठी खाली पडली. "खड्ड्यातला? कोणता?"

"हा कुंकवाचा. काढला तवा कुंकू दिसलं, म्हणून ध्यानात राह्यला."

मग जो गलका झाला! मला कळेना, रागावले की काय. कळलं ते असं, की एकाच फटक्यात चेंडू खड्ड्यात जाणं म्हणजे जन्माचं भाग्य. नव्या मैदानावर ते अजून कोणाला लाभलं नव्हतं. फक्त साक्षीदार हवा.

"बाई, खात्रीनं सांगता?"

"बत्तीस वर्षं मास्तरीण होती मी. डोयानं पाह्यलं, हातानं काढला. खोटं कायले बोलू?"

त्यांनी कागद पुढे केला. मी वळणदार अक्षरात सही ठोकली. व्याहीबुवा गवतातच बसले आणि लहान मुलासारखे हसायला लागले. दुपारी जेवताना म्हणाले, "आमटीत मीठ कमी आहे," तर विहीणबाईंनी डोळ्यांना पदर लावला. स्नेहल माझ्या पानात मोदकावर मोदक वाढत होती.

दुसऱ्या दिवशी निघताना विहीणबाईंनी माझी ओटी भरली आणि कानाशी येऊन म्हणाल्या, "एक सांगते, मनात ठेवा. तो चेंडू तुम्ही आधीच गवतातून वेचला होतात. झेंड्यापाशी वाकलात तेव्हा ओटीतून निसटला आणि खड्ड्यात पडला. मग तुम्हीच तो बघितलात, तुम्हीच काढलात."

माझ्या हातातला नारळ सुटला. "अवो, मंग काल काऊन नाई बोलल्या?"

"बोलणारच होते. पण हे हसले ना! वर्षभरानं हसले, विहीणबाई. आणि तुमची स्नेहल तुमच्याकडे कशी बघत होती! दोन घरांचा आनंद मी कशाला मोडू?"

मी त्यांना घट्ट मिठी मारली. अशी विहीण मिळायला पुण्य लागतं, आणि माझं तेवढं नाही, हे मी सर्वांदेखत सिद्धच केलं होतं.

क्लबच्या पाटीवर व्याहीबुवांचं नाव आता सोनेरी अक्षरांत आहे. तिथे लोक वर्षानुवर्षं घाम गाळतात, त्यांना एका फटक्यात जमत नाही. मी काठी न उचलता, न बघता, पदरातून जमवलं, आणि शुद्धलेखनाची एकही चूक न करता तो विक्रम दुसऱ्याच्या नावावर करून आले!