हान्नाबाईचे साठ गडवे

मनोहरकाका आज पहाटे गेले.

या माणसाला मी एकदाच खोटं बोलायला सांगितलं होतं. त्यांनी ऐकलं नाही.

ज्यांना काका माहीत नाहीत त्यांच्यासाठी सांगते. भंडाऱ्यात पितळेची भांडी घडवायचे. घरामागे भट्टी, पुढे ओसरीत दिवसभर ठोकाठोकी.

माझं बस स्टँडजवळ ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान. मध्येच माझ्या डोक्यात घुसलं की आपल्या कारागिरांचा माल मोबाइलवरून परदेशात विकायचा. एक ट्रेनिंग केलं आणि हात धुऊन लोकांच्या मागे लागले.

सगळे हसले. काका एकटे "हौ" म्हणाले.

कारण त्यांच्यापुढे दुसरा रस्ता नव्हता. गावात स्टीलशिवाय कोणी काही घेत नव्हतं. मुलगा प्रशांत नागपूरला कंपनीत. तो म्हणायचा, "बाबा, भट्टी मोडा अन् भंगारात देऊन टाका." काकांनी त्याच्याकडून दिवाळीपर्यंतची मुदत मागून घेतली होती.

एक्स्पोर्टचा कोड काढला. फोटो काढले. साइटवर टाकले.

काही महिने शुकशुकाट. काका रोज यायचे. "कोनी पाह्यलं का वं?"

"पाह्यलं काका. घेतलं नाही."

मग नेदरलँड्सहून हान्ना नावाच्या बाईची ऑर्डर आली. तिचं गिफ्टचं छोटं दुकान होतं. पाणी प्यायचे पितळेचे गडवे, साठ नग.

काका माझ्या दुकानातल्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसले आणि रडले. मी पण रडले, कशाला लपवू.

काही दिवसांनी त्यांचा फोन. दुकानात ही गर्दी. "बाईचं नाव काय म्हनलं वं?"

"हान्ना."

"लगन झालं असन ना?"

"असेल काका, मला काय माहीत!" आणि मी फोन ठेवला. तिथेच मला कळायला हवं होतं.

पॅकिंगच्या दिवशी मी त्यांच्याकडे गेले. गडवे असे चकचकीत की बघत राहावं. एक उचलला. गळ्याखाली छिन्नीने कोरलेलं:

"सौ. हान्नाबाई यांजकडून सप्रेम भेट."

दुसरा उचलला. तेच. साठच्या साठ.

"काका! हे काय करून ठेवलं?"

"नाव घातलं." चेहऱ्यावर केवढं समाधान! "गिफ्टचं दुकान हाय म्हनली ना तू? भेटीचं भांडं बिननावाचं कसं पाठवाचं? तीन दिवस लागले बाप्पा."

आपल्याकडे लग्नात, वास्तूला भांडं द्यायचं तर नाव घालूनच. त्यात काकांचं काय चुकलं? पण ती बाई हे गडवे विकणार होती. तिच्याकडून घेणाऱ्याने दुसऱ्याला भेट दिला, तरी नाव हान्नाबाईचंच!

आमचं खातं नवीन. पहिलंच रेटिंग खराब पडलं तर संपलं. आणि दिवाळी महिन्यावर आलेली.

मी डोकं चालवलं. "काका, तिला मराठी थोडीच येते? पारंपरिक नक्षी आहे म्हणून सांगते."

काकांनी माझ्याकडे असं पाहिलं की आजही आठवलं तरी लाज वाटते.

"नक्षी? अवं, नाव हाय ते. उद्या तिच्या दुकानात आपल्याकडचा कोनी गेला, त्यानं वाचून देल्लं, मंग? तिले वाटन, भंडाऱ्याच्या मानसानं मले उल्लू बनवलं. लाव फोन."

"काका, भट्टी जाईल."

"जाऊ दे. लाव."

व्हिडिओ कॉल लावला. काका धुतलेला सदरा घालून बसले. गडवा कॅमेऱ्यासमोर धरून चांगली पाच मिनिटं मराठीत बोलले. रीत सांगितली. चूक माझी आहे, पोरीची नाही, हेही सांगितलं.

मी इंग्रजीत दोन वाक्यांत गुंडाळलं. डिझाइनमध्ये छोटीशी चूक झालीय वगैरे.

काकांना इंग्रजीचा गंध नाही. पण लगेच म्हणाले, "मी एवढं बोललो अन् तू एवढुसंच सांगून राहिली? पूरं सांग."

सांगितलं पूर्ण.

हान्ना हसली नाही. म्हणाली, "हे मी विकू शकत नाही." मग थांबून विचारलं, "नवे किती दिवसांत द्याल?"

काका म्हणाले, "वीस दिवस."

ती म्हणाली, "थांबते मी. माल निघायच्या आधी स्वतःहून चूक सांगणारे तुम्ही पहिले."

(पुढे कळलं, बाईंचं लग्नच झालेलं नव्हतं.)

काकांनी साठही गडवे स्वतःच्या हाताने वितळवले. प्रशांत रजा टाकून आला. चिडचिड करत, पण आला. दोघं बापलेक त्या ओसरीत ठोकत बसले. विसाव्या दिवसाच्या आधीच माल गेला.

प्रशांत परत कंपनीत गेला नाही.

त्यानंतर हान्नाची ऑर्डर एकही वर्ष चुकली नाही. तिच्यामुळे इतर गिऱ्हाइकं आली. माझ्याकडे जिल्ह्यातले इतर कारागीर आले, अड्याळचे आले, नाकाडोंगरीचे आले. माझं घर चालतं ते काकांच्या त्या "लाव फोन"वर.

आज दुपारी घाटावरून परतताना प्रशांत म्हणाला, "ताई, हान्नाबाईचा माल अर्धाच झाला हाय. तेरवीपर्यंत भट्टी पेटनार नाई. तिले काय लिहशीन?"

मी सवयीने म्हटलं, "लिहिते, शिपिंगला उशीर आहे."

तो म्हणाला, "बाबा गेले म्हनून लिही ना."

मी दुकानात येऊन मेल उघडला. लिहिलं, उशीर होईल, मनोहरकाका आज गेले.

सकाळपासून धावपळ करत होते, डोळ्यांत पाणी नव्हतं. ते एक वाक्य लिहून झालं आणि मग मला कळलं की काका गेले.

माल जाईल, काका. काळजी करू नका.

तुम्हाला शेवटचा नमस्कार.