बेडूकसरांनी बेडूक दिले नव्हते

बोलता बोलता बेडूकसर एकदम बोट वर करत. समोरच्याने गप्प बसायचे. कुठेतरी बेडूक ओरडलेला असे. लग्नाच्या पंगतीतही ते बोट वर जाई आणि वाढप्याला वाटे, सरांना आणखी जिलेबी हवी आहे. जिंतूरच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झाल्यावर ते गावी, माझ्या शेजारी राहायला आले.

"नवे बेडूक शोधायला माणसं सह्याद्रीत जातात, ईशान्येकडे जातात," ते म्हणत. "परभणीत काय शोधायला येतील? ऊन?" देशातल्या बेडकांच्या शेकडो जातींत आपल्या कोरड्या जिल्ह्याचीही एक निघावी, हा त्यांचा ध्यास होता. ओढ्याकाठच्या बाभळीखाली मातीत पुरून राहणारा एक लहान, गोल बेडूक त्यांना सापडला होता. रूप ओळखीचे, पण आवाज अगदी निराळा. येत्या पावसात तो आवाज मोबाइलवर टिपून जाणकारांकडे पाठवायचा, एवढेच उरले होते. जागा त्यांनी फक्त मला दाखवली होती.

त्या साली आषाढ कोरडा गेला. पावसासाठी गावाने धोंडी काढायची ठरवली. मुसळाला बेडूक बांधून, कडुलिंबाचा पाला गुंडाळून दारोदार फिरवायचे. बायांनी त्यावर पाणी ओतायचे. पण बेडूकच मिळेना. सर परभणीला दवाखान्यात होते. सरपंच माझ्याकडे आला.

"बापू, सरांचे बेडूक कुठं हायेत, तुमाला ठाव हाय. एकच पायजे. गाव पाण्यावाचून मरायलंय अन् तुमी बेडकं जपायलाव व्हय?"

मी जागा सांगितली. एकच न्या, असे बजावले. त्यांनी बाभळीखालची सगळी माती उपसली. एखादा मेला तर दुसरा हाताशी असावा, म्हणून सापडले तेवढे घागरीत भरले. घागर दिवसभर उन्हात राहिली.

पाऊस श्रावणात आला. सर मला घेऊन ओढ्यावर गेले. अंधारून येताच चहूकडून बेडूक ओरडू लागले. सर एकेकाचे नाव सांगत गेले. तो निराळा आवाज मात्र त्यांत नव्हता; सर उकरलेल्या खड्ड्यापाशी जाऊन बसले. कोणी नेले, हे त्यांनी मला विचारले नाही.

पोळ्याला गावाने त्यांचा सत्कार ठेवला. "सरांनी सोताचे बेडूक दिले, म्हनून पाऊस आला," सरपंच माइकवर म्हणाला. मी खरे सांगायला उठलो. सरांनी हात धरून मला खाली बसवले.

"बसा, बापू. आता सांगून कोणता बेडूक ओरडणार आहे?"

आणि त्यांनी पुढे होऊन शाल घेतली.

गेल्या वर्षी सर वारले. गावाने मोठ्या मानाने तीच शाल त्यांच्या अंगावर घातली. कडा नीट खोचायला मला पुढे केले, शेजारी म्हणून.