आई-आण्णांचा जोडफोटो

आधीच सांगून टाकते – भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही. असले अनुभव मी वाचते ते दुपारच्या चहासोबत, आणि बऱ्याचदा नवऱ्याला मोठ्यानं वाचून दाखवत हसते. त्यातून फोटोच्या बाबतीत तर मला कुणी काही सांगूच नये! धाराशिवला बसस्टँडपासून थोडं आत आमचं डीटीपी आणि फ्लेक्सचं दुकान आहे. लग्नपत्रिका, वाढदिवसाचे बॅनर, श्रद्धांजलीचे फोटो – सगळं कॉम्प्युटरवरचं काम माझ्याकडं. जन्मात कधी फेटा न बांधलेल्या म्हाताऱ्यांना मी मेल्यावर फेटे बांधलेत, सावळ्या नवरदेवांना गोरं केलंय, बांधावरून डोकी फोडलेल्या भावांना एका बॅनरवर हात जोडून शेजारी-शेजारी उभं केलंय. फोटो किती खोटं बोलतो हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार... असं मला वाटायचं.

माझं माहेर बेंबळीचं. आमच्याकडं लग्न झालं की नवं जोडपं देवदेवाला तुळजापूरला जातं. नवरीचा पदर आणि नवऱ्याचं उपरणं यांची गाठ मारलेली असते. तशाच गाठीनं देवीपुढं जायचं, आणि दर्शन करून वर आलं की फोटोवाल्याच्या पडद्यापुढं उभं राहून जोडफोटो काढायचा. पडद्यावर देवळाचा दरवाजा रंगवलेला असतो, तोही जरा वाकडाच. पूर्वीच्या काळी लग्नात फोटो कुठं असायचे? त्यामुळं हा एकच फोटो प्रत्येक घराच्या भिंतीवर असायचा. आमच्या भिंतीवर मात्र नव्हता.

का नव्हता, त्याची गोष्ट आण्णा – म्हणजे माझे वडील – फार रंगवून सांगायचे. "फोटोवाल्यानं आधी माझा एकट्याचा काढला. मग तुझ्या आईला म्हणला, या बाई, उभ्या ऱ्हावा. ती आली, पदर सावरला, माझ्याजवळ उभी ऱ्हायली... आन् रोल संपला की!" मग ते फोटोवाल्याची नक्कल करायचे – कॅमेरा कानाशी हलवून बघतोय, कपाळावर हात मारून घेतोय. मी लोळून लोळून हसायचे. "आण्णा, परत सांगा ना!" आई चुलीपाशी भाकरी थापत असायची. ती एकदाही हसलेली मला आठवत नाही. मला वाटायचं, आईला मेली गंमतच कळत नाही.

मी आण्णांची लाडकी, हे साऱ्या गावाला माहीत. जत्रेत खांद्यावर मी, सायकलच्या दांडीवर मी. घरातल्या सगळ्यांनी नाकं मुरडली तरी मला कॉम्प्युटरच्या कोर्सला त्यांनीच घातलं. माझ्या लेखी या माणसाच्या पोटात एक आणि ओठात एक असं कधीच नव्हतं.

आण्णा गेल्या वर्षी वारले. वर्षश्राद्ध जवळ आलं तेव्हा मी आईला म्हटलं, "तुमचा जोडफोटो मी करून देते. रोल संपला म्हणून काय झालं, लेक आहे ना तुझी!" आई नुसती "हूं" म्हणाली. पण मागून वहिनीचा फोन आला, की आईंनी भिंतीवरचं जुनं कॅलेंडर काढून तिथला खिळा पुसून ठेवलाय. त्या खिळ्यामुळं मला हे काम अगदी मनापासून करायचं होतं.

आण्णांचा तो तुळजापूरचा एकट्याचा फोटो मी घेऊन आले. ब्लॅक अँड व्हाइट. आण्णा ताठ उभे, मागं पडदा, गळ्यात उपरणं. त्यांच्या डाव्या अंगाची कड कात्रीनं कापलेली, तीही जरा तिरपी. उपरण्याचं एक टोक त्या कडेकडं ओढल्यासारखं जातं आणि तिथंच तुटतं. लहानपणापासून मी तो तसाच बघत आले होते. फ्रेममध्ये बसवायला कापला असेल, एवढाच विचार. आईचा फोटो मामाच्या लग्नातला निघाला. उभी, ओठ घट्ट मिटलेले, डोक्यावरून पदर.

काम अवघड नव्हतं. दोन्ही फोटो स्कॅन केले. आईला तिच्या फोटोतून अलगद कापून घेतलं, रंग काढून टाकले. आण्णांच्या बाजूचा पडदा थोडा थोडा उचलून पुढं वाढवला आणि त्यावर आईला उभं केलं, खांद्याला खांदा लावून. कडा मऊ केल्या, दोघांवर सारखाच, जुन्या फोटोत दिसतो तसा बारीक दाणा टाकला. असं जमलं की माझंच मला रडू आलं. आईचा लेयर – म्हणजे फोटोवर ठेवलेला तिचा वेगळा थर – लॉक केला, फाईल सेव्ह केली आणि घरी गेले.

दुसऱ्या दिवशी उघडून बघते तर आई बाजूला सरकलेली! दोघांच्या मध्ये मोकळा पडदा.

मला वाटलं, माझाच हात लागला असेल. परत जवळ आणली. जेवून आले – परत लांब. नवऱ्याला झापलं, "तुम्ही हात लावला का माझ्या फाईलला?" तो म्हणाला, "अगं, तुझ्या माऊसला हात लावायची माझी टाप आहे का?" खरंच होतं ते. शिवाय लॉक तसंच होतं. लॉक केलेली गोष्ट तुम्ही ढकलली तरी हलत नाही हो! मी नवी फाईल केली. दुसऱ्या कॉम्प्युटरवर केली. दरवेळी तेच. आणि सरकायची ती काही कशीही नाही... मध्ये बरोबर एक माणूस मावेल एवढी जागा सोडून उभी राहायची.

मग मी हट्टाला पेटले. आईला जवळ आणलं आणि ती सरकायच्या आत लगेच प्रिंट दिली. भर दुपार, दुकानात मी एकटी, बाहेर रिक्षावाले ओरडतायत. प्रिंट बाहेर आली, मी उचलली आणि डोळ्यांजवळ नेली.

प्रिंटमध्ये आई लांबच होती. आणि मधल्या जागेत, आण्णांच्या उपरण्याला एक गाठ होती. त्या गाठीतून एक पदर निघाला होता... ताणलेला, कुणीतरी नेसल्यासारखा. नेसलेलं मात्र कुणी नव्हतं. पदराचे काठ करवतीचे, दातऱ्या-दातऱ्यांचे. काठाला एका जागी आरतीचा चटका बसावा तसं जळकं भोक. मी स्क्रीनवर फाईल मोठी करून करून बघितली. फाईलमध्ये यातलं काही नव्हतं.

आता कुणीतरी म्हणेल, एआयनं भरलं असेल. नाही! माझं सॉफ्टवेअर जुनंपुराणं आहे. ते फार तर शेजारचा तुकडा उचलून इकडं चिकटवतं, तेही मी सांगेन तेवढाच. आणि शेजारी तर सगळा पडदाच होता. पदर आणणार कुठून?

नवऱ्याला दाखवलं. तो प्रिंट दारातल्या उजेडात घेऊन गेला आणि म्हणाला, "हे आईंना दाखवू नको." माझंही तेच ठरलं होतं. बेंबळीला गेले ती प्रिंट पिशवीत वर्तमानपत्रात गुंडाळूनच. जाळायची की देवळात ठेवायची ते दादाला, माझ्या थोरल्या भावाला, विचारणार होते. पण आई ओसरीवर वाटच बघत बसलेली. मी म्हटलं, "फोटो नीट नाही आला गं. परत करते." तिनं सरळ पिशवीत हात घातला आणि कागद सोडला.

मला वाटलं, आता ही ओरडणार. तिनं चष्मा पदरानं पुसला, परत घातला. बोटानं तो काठ चाचपला, कापडच असल्यासारखा.

"कौशीचा पदर हाय ह्यो," ती म्हणाली.

"कोण कौशी?"

आई उठली. आतल्या ट्रंकेतून लुगड्यांच्या तळाचं एक पाकीट घेऊन आली. त्यात फोटोची एक पट्टी होती. रंगवलेला पडदा, त्यापुढं एक पोरसवदा बाई, नाकात मोठी नथ, लाजून खाली बघणारी. करवतीचे काठ. काठाला जळकं भोक. आणि पदराच्या टोकाला गाठ, ती कडेशी कापलेली. मी माझ्या पर्समधून आण्णांचा मूळ फोटो काढला आणि शेजारी ठेवला. तिरपी कड तिरप्या कडेला बिनचूक बसली.

"तुझ्या आण्णाची पहिली बायकू," आई म्हणाली. "दोन वर्सं नांदली. मूल न्हाय झालं म्हणून तुझ्या आजीनं लोहाऱ्याला माहेरी धाडली. आणायला कुणी गेलंच न्हाय. मग मला केली."

"आणि तुला... तुला हे कधी कळलं?"

"हळद निघायच्या आधी, शेजारणीकडनं. माझ्या बापाला ठाऊक हुतं म्हण."

"मग तुम्ही देवदेवाला गेलात तेव्हा –"

"आमी गेलोच न्हाय," आई म्हणाली. "तुझी आजी म्हणली, देवीम्होरं गाठ बांधून एकदाच जायचं असतं. एकदा जाऊन आलाय त्यो. म्या जवा गेले तवा एकलीच गेले."

मग मला आठवलं. आई तुळजापूरला जायला निघाली, की आण्णांचं ठरलेलं – "गुरांकडं कोण बघंल?" मला वाटायचं, किती कष्टाळू माझे आण्णा.

म्हणजे रोल संपलाच नव्हता. आई तिथं उभीच राहिली नव्हती. पदर सावरला नव्हता, फोटोवाल्यानं कपाळावर हात मारला नव्हता. मला मांडीवर बसवून, माझ्या हट्टावरून पुन्हा पुन्हा, या माणसानं मला सजवलेलं खोटं सांगितलं होतं! आणि जिच्यावर बेतलेलं खोटं, ती चार हातांवर भाकऱ्या थापत ऐकत होती.

दादा शेतातून आला. माझी प्रिंट बघून तो चमकला, पण ती पट्टी बघून नाही. त्यालाही माहीत होतं. चुलत्यांना माहीत होतं. वहिनीला लग्न झाल्यावर सांगितलं होतं. "मग मला का नाही?" मी ओरडलेच. दादा चपला काढत म्हणाला, "तुला सांगून काय करायचं हुतं? तू आण्णाची." जसं काही मी या घरातली नव्हतेच, विरुद्ध पार्टीची होते.

कौशी, म्हणजे कौशल्याबाई, आता नाहीत. भावाच्या घरी राबून राबून गेल्या, आण्णांच्या आधी. आईनं सांगितलं, निरोप आला त्या दिवशी आण्णा जेवले नाहीत. तो दिवस मलाही आठवतो, मी माहेरीच होते. मला म्हणाले होते, पित्त झालंय. मी धावत जाऊन गोळी आणली आणि त्यांनी ती माझ्यासमोर घेतलीसुद्धा. सगळ्या गोष्टींत का कुणास ठाऊक, ती गोळी मला फार लागली.

मी आईवर चिडले, खोटं कशाला सांगू. म्हटलं, "त्यांनी फसवलं ते फसवलं. तू तरी सांगायचंस! इतकी वर्षं मला वेडी बनवलंत सगळ्यांनी."

आई पाकिटात पट्टी परत ठेवत होती. "त्यांनी मला फाडून टाक म्हणलं हुतं," ती म्हणाली. "माझा हात झाला न्हाय. आन् तुला काय सांगू? ती रोलची गोष्ट ऐकताना तू लई हसायचीस. म्हणलं, येक तरी हसतंय घरात."



जरा वेळानं तिनं माझी प्रिंट माझ्या हातात दिली. "मला काढ त्यातनं. म्या तिथं उभी न्हवतेच की. कशाला उभी करतीस?"

वर्षश्राद्धाला आण्णांचा तोच कापलेला फोटो मांडला. सगळ्यांनी फुलं वाहिली, मी नाही वाहिली. चुलत्यांनी बघितलं, पण कुणी काही विचारलं नाही. विचारायला तोंड कुठं होतं त्यांना? पुसून ठेवलेल्या त्या खिळ्यावर आईनं कॅलेंडरच परत लावलं.

नंतर आईनं सांगितलं म्हणून मी ते दोन खरे तुकडे कॉम्प्युटरवर जोडले. कात्रीची रेघ काढून टाकली. ती फाईल मी आजवर कितीदा उघडली असेल... केसभरसुद्धा काही हललेलं नाही. तिची प्रिंट आईच्या ट्रंकेत आहे, लुगड्यांच्या तळाशी. बाहेर लावायचं नाव आई काढत नाही, मीही काढत नाही. आणि ती गाठीची प्रिंट माझ्या कपाटात आहे. नवरा म्हणतो टाकून दे, पण माझाही हात होत नाही.

राहिली माझी पहिली फाईल. पुसायला म्हणून परवा उघडली. फोटोत आण्णा एकटेच. यादीत आईचा लेयर आहे, चालू आहे, लॉकही आहे, पण आई दिसेना. मग मी फोटोचा कागद चहूबाजूंनी मोठा केला. आई सापडली – फोटोच्या कडेच्या पार बाहेर, पांढऱ्या मोकळ्या जागेत, आण्णांपासून लांब. मी तिला परत आत ओढलं नाही. फाईलही पुसली नाही.

हे सगळं कसं झालं, मला माहीत नाही. वाचणाऱ्यांपैकी कुणी कॉम्प्युटरवाले असतील तर जरूर सांगा, मी ऐकून घेईन. पण आण्णा, तुम्ही जिथं असाल तिथं एवढं ऐका... रोल संपला नव्हता.