क्लोटिल्डाताई आणि कोलोसुराचं रान

आमच्या वेराकोना गावातल्या पुरुषांना दोन गोष्टी मनापासून जमतात. चुना लावून सुपारी चघळणं आणि समितीवर बसणं. पाण्याची समिती, चर्चची समिती, जंगलाची समिती. जंगल समितीवर नऊ जण आहेत. त्यांतल्या सात जणांना कोलोसुराच्या डोंगरावर चढताना मी आजवर पाहिलेलं नाही. उरलेले दोघे एकदा रानडुकराच्या मागे गेले होते आणि वाट चुकले. त्यांना खाली आणलं ते माझ्या थोरल्या मावसबहिणीनं, क्लोटिल्डाताईनं. पाठीवर नगालीच्या, म्हणजे आमच्या रानबदामाच्या बियांची टोपली घेतलेली ताई पुढे आणि हे दोन सदस्य मान खाली घालून मागे. पुढच्या बैठकीत त्या दोघांनी जंगलाची पाहणी केल्याचा अहवाल दिला.

ग्वाडालकनाल बेटाच्या या किनाऱ्यावर जमीन आईकडून मुलीला जाते. कोलोसुरा आजीकडून ताईच्या आईकडे आणि तिच्याकडून ताईकडे आला. पण जमिनीबद्दल चारचौघांत बोलायचं ते भावानं. बहिणीनं भावाच्या देखत आवाज चढवायचा नाही, त्याचं म्हणणं खोडायचं नाही. भावानंही बहिणीच्या कपड्यांना हात लावायचा नाही, वाळत घातलेल्या तिच्या लुगड्याखालून जायचं नाही. आमच्यात मावसभाऊही भाऊच, आणि आईच्या कुळातला प्रत्येक पुरुष भाऊ किंवा मुलगा. त्यामुळे हे नियम निम्म्या गावाला लागू पडतात.

ताईला तीन मुलगे आहेत, मुलगी नाही. तिच्यामागून कोलोसुरा येणार तो माझ्या मुलीकडे, मारिस्टेलाकडे. मारिस्टेला सोळा वर्षांची आहे आणि तिला वाटतं की जग सरळ आहे. मला झोप न लागायला एवढं पुरेसं आहे.

ताई दुसरीपुढे शिकली नाही. अठराव्या वर्षी ती सरकारी रोपवाटिकेत लागली, कारण साहेबांचं म्हणणं होतं की बायकांचे हात मऊ असतात, रोपं दुखावत नाहीत. त्याच मऊ हातांनी तिनं पंधरा वर्षं माती चाळली, पिशव्या भरल्या, भिजलेली ओझी डोंगरावर वाहिली. कागदावर ती शेवटपर्यंत मदतनीस होती. मुख्य म्हणून जे साहेब येत, त्यांतल्या एकानं क्विला या इमारती झाडाचं सगळं बी उलटं पेरायला लावलं होतं. ताईनं त्याच्या मागे फिरून रांगेतली प्रत्येक बी सरळ केली. रोपं आली तेव्हा साहेबाला शहरात बढती मिळाली.

मग दोन वर्षांपूर्वी शहरातून तीन मुली आल्या. वनक्षेत्रात महिलांचा सहभाग, असं त्यांच्या फडक्यावर लिहिलं होतं. त्यांनी आम्हाला रंगीत पेनं दिली आणि म्हणाल्या, तुमचं जंगल काढा. ताईनं डुक्कर काढलं.

"मावशी, जंगल कुठंय?" एकीनं विचारलं.

"डुकरानं खाल्लं," ताई म्हणाली. "त्याला टोपी घातली की आमच्या समितीचा अध्यक्ष होतो."

मुली हसल्या, पण त्यांनी तो कागद भिंतीवर लावला नाही.

तो अध्यक्ष म्हणजे ताईचा सख्खा धाकटा भाऊ, डोनासियानो. आम्ही सगळ्या त्याला दादा म्हणतो, कारण भाऊ धाकटा असला तरी मान मोठाच. लाकूड तोडणारी कंपनी आली तेव्हा घरात बसून ठरलं होतं की खालचा उतार द्यायचा, वरचा माथा नाही. माथ्यावर ओढ्याचा उगम आहे आणि आमच्या आज्यापणज्यांनी लावलेली नगालीची झाडं आहेत. दादानं मान डोलावली होती. दादा मान फार चांगली डोलावतो.

तोडणीच्या कराराची सरकारी सुनावणी चर्चच्या मांडवात झाली. पुरुष बाकांवर आणि आम्ही बायका मागे, तापलेल्या दगडांवर तारोच्या कंदाची खांडोळी पानांत बांधून भाजत. दादा उठला आणि म्हणाला, "कोलोसुरा, उतार आणि माथा, दोन्ही देतोय. वर कोणी जातच नाही." एक अधिकारी आमच्याकडे आला, आम्हाला खांडोळीची पानं हातात धरायला लावून त्यानं फोटो काढला आणि कागदावर लिहिलं की महिला उपस्थित होत्या.

मी ताईला कोपर मारलं. "बोल ना!"

"भावासमोर?"

"खोटं बोलतोय तो!"

"मग तू बोल. तू कॉलेजला गेली होतीस."

तो माझाही भाऊ लागतो. पदवी घेऊन मी पानं दुमडत बसले. स्वतःची एवढी कीव मला त्याआधी कधी आली नव्हती.

तीन आठवड्यांत बुलडोझरनं उतारावर लाल मातीचा रस्ता उघडा पाडला. माथ्यावरच्या झाडांवर रंगानं आकडे पडले. मारिस्टेला वर जाऊन आली आणि जेवली नाही. मी ताईकडे गेले. ती कपडे धूत होती. तिचे, सुनांचे, माझ्या घरचेही कोणीतरी आणून टाकले होते.

"ताई, सोमवारी माथ्यावर करवत लागणार आहे."

"म्हणून तर धुतेय," ती म्हणाली. "जरा पिळायला लाग."

सोमवारी सकाळी, रस्ता जिथं उतार सोडून माथ्यात शिरतो तिथं, दोन झाडांना वेल बांधून ताईनं सगळं धुणं वाळत घातलं. लुगडी, परकर आणि आतले कपडेही, रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, माणसाच्या डोक्यापेक्षा हातभर वर. मग बाजूला बसून ती नगाली फोडू लागली. आम्ही बायका झाडीत होतो.

पहिल्या ट्रकमध्ये दादा होता, परदेशी मॅनेजरशेजारी. ट्रक थांबला. दादा खाली उतरला आणि वर बघून झटकन जमिनीकडे बघू लागला.

"काढा ते," मॅनेजर म्हणाला.

कोणी हललं नाही. करवतवाले, खुणा करणारे, ड्रायव्हर, सगळे आमच्याच कुळातले. दादानंच हट्टानं लावले होते. दुसऱ्या कुळाच्या एकालाही नोकरी मिळू नये म्हणून तो कंपनीशी दोन दिवस भांडला होता. आता त्या ट्रकमध्ये एकसुद्धा पुरुष असा नव्हता की ज्याला ते परकर बहिणीचे किंवा आईचे लागत नव्हते.

"कोणाचे आहेत?" मॅनेजरनं विचारलं.

"आमच्या बहिणींचे," दादा पुटपुटला.

"मग बहिणींना सांग."

"मला त्याबद्दल बोलता येत नाही."

"मग मी काढतो," म्हणून मॅनेजर पुढे झाला. तेव्हा मागच्या ट्रकमधून चौघे खाली उतरले. परक्या पुरुषानं बहिणीच्या कपड्यांना हात लावला तर भावानं त्याला मारायचं असतं, नाहीतर तो भाऊ कसला. ते चौघे रान तोडायला आले होते आणि रान विकत घेणाऱ्याच्या पगारावर होते, पण कोयते त्यांच्या हातात होते आणि चेहरे फार दुःखी होते. मॅनेजरनं हात खाली घेतला.

झाडीतून कोणीतरी ओरडलं, "दादा, डोळे मिटून जा की! समितीत जातोस तसा!"

आम्ही हसलो. नियम हसायला मनाई करत नाही.

पाच दिवस धुणं तसंच राहिलं. पाऊस आला, ताईनं बदलून दुसरं घातलं. खाडीत जहाज थांबलं होतं आणि मॅनेजर रोज दादावर ओरडत होता. शेवटी पाद्रीबाबांकडून निरोप आला की बाईची मागणी काय आहे. ताई म्हणाली, "पुन्हा सुनावणी. माथा कुठं सुरू होतो ते ज्याला माहीत आहे त्यानं सांगावं."

दुसऱ्या सुनावणीला अधिकाऱ्यानं आधी दादालाच विचारलं. आमच्याकडे हद्द झाडांवरून सांगतात, झाड आणि ते लावणाऱ्या बाईचं नाव. उतार आणि माथा यांच्यामध्ये एकोणीस नगाली आहेत. दादानं दोन सांगितल्या. दुसरीचं नाव चुकीचं होतं, ती बाई शेजारच्या कुळाची होती. शेजारच्या कुळाचे लोक लगेच उठून म्हणाले, मग ती जमीन आमची का? दादा खोकला.

तेव्हा ताई मांडवाच्या पानांच्या भिंतीआड, दादाकडे पाठ करून बसली. भिंतीच्या या बाजूला, मांडवात, मारिस्टेला. भाचीला मामासमोर बोलायला बंदी नाही. ताई हळूच सांगायची आणि मारिस्टेला मोठ्यानं.

"पहिली, ओढ्याच्या वाकणाजवळ. मोठी आई म्हणते, ही तेरेसानं लावली, पोटुशी असताना."

"दुसरी, फाटलेल्या खडकाशी. लुसियानं, पुराच्या वर्षी."

एकोणीसच्या एकोणीस. पोरीचा आवाज एकदाही कापला नाही. सगळे पुरुष तिच्याकडे बघत होते, आणि ते बघणं मला आवडलं नाही.

माथा करारातून निघाला. उतार गेला, त्यावर आता काही उगवत नाही. दादा त्याला आपला विजय म्हणतो, निम्मं वाचवलं म्हणून. अधिकाऱ्यानं अहवालात लिहिलं की समितीनं हद्दीचा प्रश्न सामंजस्यानं सोडवला. ताईचं नाव त्यात नाही. मारिस्टेलाचं आहे, गावातल्या प्रत्येक सुपारीच्या पिंकेत. क्लोटिल्डाची पोपटीण म्हणतात तिला.

गेल्या रविवारी प्रार्थनेनंतर दादा माझ्याकडे आला, फार गोड होऊन. "पोरगी हुशार आहे. शहरात शिकायला पाठव. ओळखी आहेत माझ्या. फॉर्म आणून देतो."

आणूनही दिला. हेच मला तिच्यासाठी हवं होतं, ती पाळण्यात असल्यापासून. आता तो कागद टेबलावर आहे आणि मला त्याची भीती वाटते. ती गेली तर झाडांची नावं ताईबरोबर जातील, आणि पुढच्या सुनावणीला दादा एकटा उभा राहील. ती राहिली तर ती या माणसांत राहील.

ताईला विचारलं तर ती म्हणाली, "पाठव. पण आधी आतली झाडं पाठ होऊ देत. एकोणीस तर नुसत्या हद्दीच्या होत्या."

आत दोनशेच्या वर आहेत. दर शनिवारी दोघी वर जातात आणि त्या खाली उतरेपर्यंत मी ओढ्यापाशी काहीतरी धूत बसते. मारिस्टेलाच्या एकशे चौदा झाल्या.

दादा परवा पुन्हा विचारून गेला, फॉर्म भरलास का. म्हटलं, भरतेच आहे, पण घरातलं पेन चालत नाही. समित्यांवर आयुष्य काढलेल्या माणसाला ते लगेच पटलं.