झोपलेला डोळा

तिला एका जागी बसलेली पाहिली असं सांगणारा माणूस शोधून सापडला नसता. जेवायला बसली तरी पाण्यासाठी ऊठ, मिठासाठी ऊठ, कुणी हाक मारली नसली तरी दारात जाऊन ये. शाळाशाळांतून फिरणारी सरकारी नर्स ती. पोरांनी तिचं नाव घाईबाई ठेवलं होतं आणि ते कानावर पडलं तेव्हा रागवायलासुद्धा ती थांबली नव्हती. नवरा घड्याळं दुरुस्त करायचा, डोळ्याला भिंग लावून दिवसभर मान खाली घालून बसायचा. "तुला किल्ली कोण देतं गं?" असं तो अधूनमधून विचारायचा. "तुम्ही तर नक्कीच नाही," असं म्हणेपर्यंत ती जिन्यावरून खाली पोचलेली असायची.

तिच्या फिरतीला आरोग्य खात्याची एक पांढरी गाडी होती. गाडीच्या अर्ध्या भागात वजनकाटा, औषधांची पेटी आणि घाईबाई. उरलेल्या अर्ध्यात पाठ्यपुस्तकांचे गठ्ठे. नियमच तसा होता. शाळा सरकारी असो नाहीतर खाजगी, पोराचं आरोग्य आणि पोराचं पुस्तक ही सरकारची जबाबदारी. शिस्त शाळेनं लावावी, फी शाळेनं घ्यावी. पण कान फुटला, दात किडला, अंगावर पुरळ उठलं तर बघायला घाईबाई येणार. आणि पुस्तकं सरकार वर्षभर वापरायला देणार, वर्ष संपलं की परत नेणार. गाडी चालवणारे काका तोंडानं सुस्त आणि हातानं त्याहून सुस्त. "चला हो काका, चला!" हे वाक्य ती दिवसातून इतक्यांदा म्हणायची की काकांनी ते ऐकणंच सोडून दिलं होतं.

खाजगी शाळा म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे चकचकीत पायऱ्या आणि बूट घातलेली पोरं येतात. येऊ देत बापडी! घाईबाईच्या वाट्याची खाजगी शाळा म्हणजे कपडे धुण्याच्या मोठ्या कारखान्यामागचं एक जुनं गोदाम. हॉटेलांच्या आणि इस्पितळांच्या चादरी तिथे धुतल्या जायच्या, आणि त्या धुणाऱ्या बायकांची पोरं या गोदामात शिकायची. सरकारी शाळा दुपारी सुटते, कारखान्यातली पाळी संध्याकाळी सुटते; मधल्या वेळात पोरांनी जायचं कुठे? म्हणून एका तापट बाईनं ही शाळा काढली होती. सगळे तिला मोठ्या बाई म्हणत. वर्गाच्या भिंतींना बाराही महिने साबणाचा वास यायचा.

तर एके दिवशी साहेबांनी घाईबाईला बोलावून सांगितलं, की उद्या महिना संपतोय आणि परवापासून खाजगी शाळांना आपली सेवा बंद. नर्स नाही, पुस्तकं नाहीत. उद्या काका गाडी घेऊन जातील आणि पुस्तकं गोळा करून आणतील.

"म्हणजे? त्या पोरांना परवापासून काही होणारच नाही का?"

"बाई, निर्णय वर झालाय. खाजगी शाळेनं आपलं आपण बघावं."

"बघणार कशानं? तिथे खडू तोडून तोडून वापरतात, साहेब."

साहेब काही वाईट माणूस नव्हता. त्यानं पंख्याकडे पाहिलं, टेबलावरचा पेला इकडचा तिकडे केला आणि शेवटी हात झटकले. तिचा नुसता तिळपापड झाला. पण करते काय? त्याच दिवशी ती गोदामातल्या शाळेची शेवटची तपासणी करायला गेली. रागारागात केली, भराभरा केली. वजनं झाली, दात झाले, डोळे झाले. नजर तपासायचा अक्षरांचा तक्ता तिथे पाण्याच्या नळाशेजारी कायमचा टांगलेला होता. दर वेळी कुठे नेआण करायचा, म्हणून तिनंच तो तिथे लावून ठेवला होता. पोरं रेषेवर उभी राहिली, एकेक डोळा झाकला आणि धडाधड अक्षरं म्हणाली. सगळ्यांचे डोळे उत्तम. चला, निदान ही काळजी तरी मिटली, असं म्हणत ती गाडीत बसली.

संध्याकाळी घरी कांदा चिरता चिरता ती गुणगुणत होती. दुपारी शाळेच्या अंगणात मुली दोरीवरच्या उड्या मारत होत्या, त्यांचंच गाणं तोंडात बसलं होतं.

"क म ग, र ट न, प स ल, उडी मारत चल..."

नवऱ्यानं भिंगातून मान वर केली. "हे कसलं गाणं?"

"पोरांचं आहे, काहीतरी आपलं..." आणि तिचा हात थांबला. तिचा हात थांबलेला पाहून नवरा घाबरलाच. "काय गं? बोट कापलं?"

बोट कापलं असतं तर परवडलं असतं. क म ग ही तक्त्याची पहिली ओळ. र ट न दुसरी. प स ल तिसरी. वर्षभर पोरं पाण्यासाठी त्या तक्त्यापुढे रांग लावत होती. वाचायला दुसरं होतं काय तिथे? त्यांनी त्याचं गाणं केलं होतं. शाळेतल्या एकूण एक पोराला तो तक्ता डोळे मिटून पाठ होता. आणि ही शहाणी त्यांचे डोळे तपासून आली होती!

मग तिला ती मुलगी आठवली. दुसरीतली, दोन शेंड्या बांधणारी. आई कारखान्यात इस्त्रीवर होती. त्या मुलीनं उजवा डोळा झाकला तेव्हा घाईबाईच्या हातातली पट्टी तक्त्याच्या दुसऱ्या ओळीवर होती आणि पोरगी ऐटीत म्हणाली होती, "प स ल." घाईबाईला वाटलं, आपलीच पट्टी सरकली. पट्टी सरकली नव्हती! पोरीला पट्टी दिसलीच नव्हती. त्या वयात एक डोळा असा आळसावला तर वेळेवर औषध आहे. चांगला डोळा झाकून ठेवायचा आणि आळशाला कामाला लावायचं. पण उशीर झाला की मेंदू त्या डोळ्याचं ऐकणंच सोडून देतो, मग जन्मभर काही करता येत नाही.

"उद्या जाते," ती म्हणाली.

"उद्या तुझी ड्युटी कुठेय तिथे?"

"नाहीच आहे! पण उद्याच जायला हवं. उद्या सरकारी इस्पितळात तिचं नाव लागलं तर पुढचा सगळा इलाज सरकारचा. परवा गेली तर तीच पोरगी खाजगी!"

रात्रभर तिला डोळा लागला नाही, आणि तिनं नवऱ्यालाही लागू दिला नाही.

सकाळी काका गाडी काढायला आले तेव्हा घाईबाई आधीच पुढच्या सीटवर. काकांनी तिच्याकडे पाहिलं आणि गाडी चालू केली. शाळेशी पोचले तर फाटकाला कुलूप, आणि आत मोठ्या बाई कमरेवर हात ठेवून उभ्या.

"पुस्तकं न्यायला आलात ना? न्या की! आधी हे कुलूप फोडा, मग मला बाजूला करा, मग न्या."

"बाई, मी पुस्तकांसाठी नाही आले."

"मग कशाला आलात? कालच तर सगळ्यांना पास करून गेलात. आणि आमच्या पोरांना उद्या ताप आला तर तो खाजगी ताप का? तुमच्या सरकारला विचारून सांगा मला!"

हा प्रश्न तिनं स्वतःच साहेबांना विचारला होता, पण आता ते सांगत बसायला वेळ कुठे होता? सरकारी गणवेशात, सरकारी गाडीपुढे ती उभी होती. बाई कुणावर चिडणार, तिच्यावरच ना! तिनं फाटकाचे गज धरले. "माझी कालची तपासणी चुकली. सगळी चुकली. तुमच्या पोरांना तक्ता पाठ आहे. एका पोरीचा डोळा जातोय, मोठ्या बाई. मला आत घ्या, मग पाहिजे तेवढ्या शिव्या द्या."

मोठ्या बाईंनी पदराच्या गाठीतून किल्ली काढली. "शिव्या नंतर देईनच," त्या म्हणाल्या.

तक्ता तर बाद झालेला. वाचायला द्यायचं काय? घाईबाईनं वर्गातलं भाषेचं पाठ्यपुस्तक उचललं, दोन शेंड्यांच्या मुलीला समोर उभं केलं, स्वतःच्या तळहातानं तिचा उजवा डोळा झाकला आणि पहिला धडा उघडून धरला. "वाच."

पोरगी न अडखळता वाचत सुटली. अर्धा धडा झाला. घाईबाईचा जीव भांड्यात पडतोय न पडतोय तोच तिच्या लक्षात आलं की आपण पुस्तक हातभर मागे नेलंय तरी पोरगी वाचतेच आहे. वर्षभर सगळा वर्ग एका सुरात धडे म्हणत होता. धडेही पाठ!

असं काय आहे या पुस्तकात, जे कुणीच कधी वाचत नाही? घाईबाईनं कव्हर उलटलं. आतल्या कोऱ्या पानावर मोठ्या अक्षरांत सरकारी शिक्का होता. पोरांनी त्याच्या आजूबाजूला फुलं काढली होती, विमानं काढली होती. शिक्का वाचला कुणीच नव्हता. तिनं पान पोरीपुढे धरलं. "आता हे वाच."

पोरगी गप्प.

"वाच की गं बाळा."

"इथे काही नाहीच आहे, बाई."

घाईबाईनं तळहात काढला. लगेच पोरगी म्हणाली, "आता आहे! हे पुस्तक राज्यातल्या प्रत्येक मुलाचे आहे."

मागे मोठ्या बाईंनी तोंडावर हात धरला. घाईबाई गुडघ्यांवर बसली. "तुला या डोळ्यानं दिसत नाही, हे कुणाला सांगितलं नाहीस?"

"तो डोळा झोपतो," पोरगी समजुतीच्या सुरात म्हणाली. "एक जागा राहतो, एक झोपतो. तुमचा कुठला झोपतो?"

मग जी धावपळ झाली ती विचारू नका. बाकीच्या पोरांना एकेकटं बोलावून त्याच शिक्क्यातली उलटसुलट अक्षरं विचारून भराभरा तपासलं. त्यांचे डोळे ठीक निघाले. घाईबाईनं इस्पितळासाठी चिठ्ठी लिहिली. मोठ्या बाई कारखान्यात जाऊन पोरीच्या आईला इस्त्रीवरून ओढून घेऊन आल्या. आईचे हात वाफेनं लाल, तोंडावर भीती. "मुकादम खाडा लावेल हो. उद्या नेलं तर?" 

"उद्या नाही! आज, आत्ता."

"पण मीच आधी सांगायला हवं होतं ना... ती पुस्तक एका बाजूला धरते, मला वाटायचं, सवय आहे." आई रडायलाच लागली. मोठ्या बाईंनी तिला गाडीत ढकललं. "रड, पण गाडीत बसून रड."

आणि पुस्तकं? काकांनी गाडीकडे पाहिलं, गठ्ठ्यांकडे पाहिलं. दोन्ही एका फेरीत मावणार नव्हतं, आणि इस्पितळाची नाव नोंदवायची खिडकी पुस्तकांच्या सरकारी गोदामाच्या आधी बंद होते. "माणसं बसवा," ते म्हणाले. त्या दिवशी काकांनी अशी गाडी हाणली की घाईबाईनं दार घट्ट धरून ठेवलं. "चला हो" म्हणायची पाळीच आली नाही. खिडकीवरचा माणूस कुलूप शोधत होता तेव्हा तिनं चिठ्ठी आत सरकवली आणि तो शिक्का मारेपर्यंत खिडकीतून हात बाहेर काढला नाही.

पुस्तकांच्या गाडीतून माणसं नेली, पुस्तकं आणलीच नाहीत! साहेबांनी कपाळाला हात लावला. मोठ्या बाईंनी दुसऱ्या दिवशी कोर्टात अर्ज टाकला आणि निकाल लागेपर्यंत पुस्तकं जिथे आहेत तिथेच राहावीत असं कोर्टानं म्हटलं. नर्सबद्दल मात्र कोर्ट काही म्हणालं नाही. घाईबाईला शिक्षा झाली ती अशी: फिरती बंद. कचेरीत एक टेबल, एक खुर्ची. बँडेजच्या पेट्या आल्या की नोंदवायच्या आणि बसायचं. तिला बसवलं! नवरा ते ऐकून हसला आणि मग तिचं तोंड पाहून हसायचा थांबला. त्या खुर्चीचे पाय दिवसभर कुरकुरत राहायचे. शेजारचे कारकून वैतागले. आणि तिच्या मनात एकच: पोरगी डोळ्यावर पट्टी लावतेय ना? की जागा डोळा झाकला म्हणून रडून ओढून टाकतेय? झोपलेला डोळा उठतोय की नाही?

विचारणार कुणाला? शाळेत पाऊल टाकायची तिला मनाई होती.

बरेच आठवडे गेले. एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत ती काकांच्या गाडीत जाऊन बसली. काका न विचारता त्या गल्लीत वळले. फाटक बंद होतं, अंगणात पोरं खेळत होती. दोरीवरचं गाणं बदललेलं होतं. उजव्या डोळ्यावर पांढरी पट्टी लावलेली दोन शेंड्यांची पोरगी एकटी पायरीवर बसली होती, चेहरा फुगवून.

"ए!" घाईबाईनं गजातून हाक मारली. पोरीनं आवाजाच्या दिशेनं मान वळवली, मग हळूहळू चालत आली.

"ही पट्टी घाण आहे," ती म्हणाली. "सगळं धुरातलं दिसतं."

"काहीतरी दिसतं ना?"

पोरगी फणकाऱ्यानं पळत आत गेली आणि पाठ्यपुस्तक घेऊन परत आली. कव्हर उलटलं, पान नाकाशी नेलं, मग जरा लांब धरलं. बोट शिक्क्यावर ठेवलं.

"हे... पु... पुस्त..."

घाईबाईनं दोन्ही हातांनी गज धरले. पुढचं वाक्य तिच्या ओठांवर आलं होतं, ते तिनं गिळलं.

"...क. रा... राज्... राज्या..."

पोरीचं बोट तिथेच अडलं. डोळ्यातून पाणी येत होतं, ते तिनं खांद्यानं पुसलं आणि पुन्हा त्याच अक्षरावर बोट ठेवलं. कचेरीची सुट्टी संपत आली होती. मागून काकांनी हॉर्न वाजवला, थांबून पुन्हा वाजवला. "चला हो बाई!"

"थांबा की हो जरा!" घाईबाई मागे न बघता म्हणाली. "पोरगी वाचतेय."