खळ्याचा खराटा आणि चार जाड चाकं

सकाळी सहाला येडगाव सोडायचं ठरलं होतं. साडेसहा वाजले तरी आम्ही अंगणातच होतो, कारण बेडकाचं पुढचं डावं चाक बसलं होतं.

बेडूक म्हणजे आमची एटीव्ही. मोटरसायकलसारखं हँडल आणि चार जाड, खडबडीत चाकं. येडगाव धरणाच्या कडेला पर्यटक येतात, त्यांना आमचे हे तिच्यावर बसवून चिखलातून फिरवून आणतात. ती उड्या मारत जाते म्हणून गावानं तिला बेडूक नाव ठेवलं. त्या दिवशी मात्र ती माझ्या आईसाठी निघाली होती.

माझं माहेर डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला, डोंगरात आहे. डांबरी रस्ता वाडीच्या खाली संपतो आणि पुढं अर्ध्या तासाची पायवाट. दसऱ्याच्या सुमारास आई खाचरात (भाताच्या वावरात) घसरली आणि तिचा पाय गुडघ्याखाली मोडला. तेव्हा तिला डोलीतून (बांबूला बांधलेल्या चादरीतून) खाली नेलं आणि प्लास्टर घालून तसंच वर आणलं. आता ते प्लास्टर काढायचं होतं. हाडांचे डॉक्टर घोडेगावात फक्त बुधवारी येतात, दोन वाजेपर्यंत बसतात. मागचे दोन बुधवार आई गेलीच नाही. "चौघांच्या खांद्यावरून एकदा गेले, बास झालं. आता मेल्यावर न्या," असं तिनं सांगून टाकलं. पाय आखडत चालला होता, तरी डोलीत बसायची नाही म्हणजे नाही. शेवटी ह्यांनीच फोनवर विचारलं, "मग बेडकावर बसाल का?" आई म्हणाली, "बसंल की. त्यो काय खांद्यावर नेत नाय."

चाकात बाभळीचा काटा होता. तो कुठून आला ते मला माहीत होतं. बिबट्याच्या भीतीनं शेजारच्यांनी शेळ्यांच्या गोठ्याला काट्यांचं कुंपण घातलं होतं आणि बाभळीच्या फांद्या रस्त्यानंच ओढत नेल्या होत्या. तिकडून जाऊ नका, असं मी आदल्या दिवशी म्हटलं होतं. "अगं, चाकं बघ केवढी जाड हायत," म्हणत हे तिकडूनच गेले. मी हळू बोलते. माझं बोलणं ह्यांच्या कानापर्यंत जातं आणि तिथंच बसून राहतं.

खरं तर पंक्चर होऊ नये म्हणून काय करावं, हे ह्यांना सगळं ठाऊक आहे. रोज मोबाईलवर बघतात आणि मलाही ऐकवतात. चाकात हिरवं औषध ओतावं, म्हणजे भोक पडलं तरी आतून बुजतं. हवा कमी ठेवावी, अंगठ्यानं दाबलं तर चाक दबलं पाहिजे, म्हणजे ते दगडावर आपटत नाही, पसरतं. निघण्याआधी चाकांवरून हात फिरवून काटे उपटावेत. औषधाच्या चार बाटल्या दिवाळीपासून फळीवर उभ्या आहेत. झाकणं उघडलेली नाहीत. "जायच्या आधी वतू," असं ठरलं होतं. आता जायची वेळ झाली तर म्हणाले, "आता कुठं वतत बसू? घोडेगावात पंचर काढू."

दोन फळ्या लावून आम्ही तो लंगडा बेडूक पिकअपमध्ये चढवला. ढकलायला मी होते. चिखल माझ्या नव्या लुगड्याला लागला.

नारायणगावला जाताना खोडदच्या बाजूच्या रेडिओ दुर्बिणीच्या पांढऱ्या छत्र्या उन्हात चमकत होत्या, सगळ्या एकीकडं तोंड करून. पुढं मंचरपर्यंत टोमॅटोच्या गाड्या आमच्या मागं-पुढं होत्या. प्रत्येक खड्ड्यात मागं बेडूक दणकायचा आणि हे आरशात बघून "काय होत नाय" म्हणायचे. मंचर सोडून पश्चिमेला वळलं की डोंगर समोर येतात. एरवी ते दिसले की मला बरं वाटतं. त्या दिवशी मी घड्याळाकडं बघत होते.

घोडेगावात पंक्चरवाल्यानं गाडीभोवती एक चक्कर मारली.

"पावणं, हे काय ध्यान आणलंय?"

"एटीव्ही हाय. टुरिस्टला फिरवतो. आज सासूबाईंना आणायला चाललोय."

"मग जपून न्या राव. सासू पडली तर तो पंचर जन्मात निघायचा न्हाई."

दोघंही हसले. त्यानं काटा उपटला, भोकात रबराची दोरी सारली आणि हवा भरायला लागला. "हवा लई कमी व्हती, म्हणून काटा घुसला. चारी टाईट करून देतो."

मी ह्यांच्याकडं बघितलं. अंगठ्यानं दबलं पाहिजे हे ज्यांनी मला शंभरदा ऐकवलं, ते म्हणाले, "करा, करा." माझ्या तोंडावर आलं होतं. पण दुकानासमोर चार परके पुरुष उभे होते, म्हणून मी वडापावाचा कागद चुरगाळत गप्प राहिले. याचा राग मला अजून येतो, आणि तो ह्यांच्यावरचा नाही.

डिंभ्याच्या पुढं रस्ता पाण्याच्या कडेकडेनं जातो. तिथं माझ्या भावाचा, किसनचा फोन आला. "ताई, वाट एकदम क्लीन केलीय. दोन दिस कोयता चालवलाय. गाडी कुठं घासायची न्हाई."

अकराच्या सुमारास आम्ही पायथ्याला बेडूक उतरवलं. वाट खरंच मोकळी दिसत होती. दोन्ही बाजूंच्या करवंदीच्या जाळ्या आणि गेळ्याची (बोटाएवढ्या काट्यांची) झुडपं किसननं साफ कापली होती. हे ऐटीत बसले. मी मागून चालत निघाले. टाईट चाकं दगडावरून चेंडूसारखी उडत होती. पन्नास पावलं झाली नसतील तोच फुस्स झालं. हे उतरून बघतात तर दुसऱ्या चाकातूनही हवा जात होती.

मग मी खाली नीट बघितलं. किसननं कापलेल्या फांद्या वाटेनंच ओढत खाली आणल्या होत्या. आमची गाडी घासू नये म्हणून दोन दिवस राबून त्यानं अख्ख्या वाटेवर काटे पेरून ठेवले होते.

तेवढ्यात तो उड्या मारत खाली आला. "दाजी, कशी झालीय वाट?"

हे चाकातून काटा उपटत होते. "अशी वाट आजवर कुणी केली न्हाई भाऊ."

किसनचं तोंड उतरलं. आमच्याकडं रबराच्या पाच दोऱ्या होत्या, तीन तिथंच संपल्या. हातपंपानं हवा भरून दोघंही घामाघूम झाले. बारा वाजत आले होते. "मी मान्सं गोळा करतो, डोलीच बांधू," किसन म्हणाला. "कुठनं गोळा करशील? समदी नारायणगावला कामाला गेल्याती," हे म्हणाले. दोघं तिथंच वाद घालत उभे राहिले.

"हवा सोडा," मी म्हटलं. कुणी ऐकलं नाही. मग मी मोठ्यानं म्हटलं, "चाकांतली हवा सोडा. अंगठ्यानं दबस्तवर. आणि मी वाट झाडून येईस्तवर गाडी जाग्यावरनं हलवायची न्हाई."

हे चाकाशी वाकले. मी वर चालू लागले.

वाडीत मळणी चालली होती. दारोदारी खळी सारवलेली, भाताच्या राशी पडलेल्या, आणि प्रत्येक खळ्याच्या कडेला लांब, राठ खराटा. मी वहिनीकडं, किसनच्या बायकोकडं, खराटा मागितला. ती घुटमळली. आमच्या वाडीत रास उचलेपर्यंत खळ्याचा खराटा खळ्याबाहेर नेत नाहीत, हे मलाही माहीत होतं. "वन्सं, दुसरं काय बी मागा," ती म्हणाली. बाजूच्या खळ्यांवरच्या बायाही थांबून बघायला लागल्या. मी तिथून हलले नाही.

आई ओट्यावर प्लास्टरचा पाय पसरून बसली होती. "दे गं तिला. काटं झाडाया नेती, दारू प्यायला न्हाई."

"पन आत्याबाई, लक्षुमी..."

"लक्षुमी दोन बुधवार हितं पाय आखडून बसलीया. दे."

वहिनीला हसू फुटलं. तिनं खराटा माझ्या हातात दिला, आणि बाजूच्या दोघी आपापले खराटे घेऊन आमच्याबरोबर निघाल्या. खळ्यातला एक दाणा मातीत जाऊ न देणारे हात आहेत ते. वरून खालपर्यंत आम्ही ती वाट खळ्यासारखी झाडली. जो काटा खराट्यानं निघत नव्हता, तो वाकून उचलला. किसन पाटीत काटे भरून लांब टाकत होता.

मऊ चाकांवर बेडूक डुलत वर आला. आईला मागं बसवलं. जावयाच्या पाठीला टेकायचं म्हणून तिनं मध्ये गोधडीची घडी ठेवून घेतली, डोक्यावरचा पदर दातात धरला आणि म्हणाली, "जावईबापू, घाई नाय." घाई तर होतीच. मी खराटा घेऊन पुढं, गाडी मागं. वळणावर वाऱ्यानं आलेली एक फांदी मी बाजूला केली. उरलेल्या दोन दोऱ्या लागल्या नाहीत.

पायथ्याला आईला पिकअपमध्ये घेतलं, आणि डॉक्टर पिशवी आवरत होते तेव्हा आम्ही घोडेगावात पोहोचलो. प्लास्टर कापलं. आतला पाय वाळक्या काटकीसारखा निघाला. रोज थोडं चालायला सांगितलं. आईनं तो पाय दोन्ही हातांनी चोळला आणि माझ्याकडं बघितलंच नाही, कारण तिला रडायचं नव्हतं.

दिवस बुडायच्या आत बेडकावरूनच तिला वर पोहोचवलं. वहिनीनं नाचणीची भाकरी आणि माडगं (हुलग्याच्या पिठाची पातळ पेज) वाढलं. सकाळच्या वडापावानंतर पोटात पहिलंच अन्न जात होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी निघताना मी खराटा खळ्यावर ठेवायला गेले, तर आईनं अडवलं. "वाटंवर गेलेला खराटा आता खळ्यात चालत नाय. तुझ्याकडंच ऱ्हाऊ दे." म्हणून तो आमच्याबरोबर येडगावला आला.

आता तो बेडकाच्या मागं बांधलेला असतो. पर्यटक त्याच्यासकट फोटो काढतात. हे रोज सकाळी चाकांवरून हात फिरवतात आणि ते मला दिसेल असं फिरवतात. औषधाच्या बाटल्या फळीवरच आहेत. एका फेरीनं माणूस किती बदलावा?

परवा किसनला फोन केला. पुढच्या बुधवारी पुन्हा दाखवायला न्यायचं आहे, तर वाटेवर काही कापू नको, आधी झाडून घे, म्हणून सांगायला. पलीकडून खर्र खर्र आवाज येत होता.

"झाडणं चालूच हाय," तो म्हणाला.

"वहिनी झाडतीय का?"

"न्हाई. आई हाय. नवा खराटा बांधलाय तिनं. पार वळणापतुर गेलीया, हाका मारतोय तर ऐकत न्हाई."